पद्मिनीचा रंग नंतर, आधी पत्रा बघू

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ घर, वडिलांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी, मागच्या जांभ्याच्या शेडमध्ये ११ वर्षं उभी. इंजिन आणि ब्रेक मेकॅनिकने करून दिलेत, गाडी चालते. आता पत्रा आणि रंग घरीच करायचा आहे. गंजावर कन्व्हर्टर मारून वरून लांबी (पुट्टी) भरली तर चालेल का? छोट्या कंप्रेसरवर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, मारता येईल का? आणि क्रीम गाडी लाल केली तर?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात २७ वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. तुमचे तिन्ही प्रश्न रंगाच्या अंगाने आलेत, उत्तर मात्र पत्र्यापासून सुरू करावं लागेल. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. पत्रा, गंज, लांबी, घासाई आणि प्रायमर हे सगळं घरी होतं, आणि माझ्या गॅरेजपेक्षा चांगलं होतं, कारण तुमच्या मागे दुसरी गाडी लाइनीत उभी नसते. रंगाचा शेवटचा हात मात्र बूथवाल्याकडे, म्हणजे ज्याच्याकडे रंग मारायची बंदिस्त खोली आहे त्याच्याकडे, द्या. तो दोन-तीन तासांचा मामला आहे आणि तेवढ्यासाठी फुप्फुसं पणाला लावू नयेत. का, ते खाली येईलच.

आधी गाडी उघडा. बंपर, दिवे, ग्रिल, बाजूच्या क्रोमच्या पट्ट्या, दारांची आतली पॅनेलं, सीटा, मॅट, सगळं बाहेर. एका जागेचे स्क्रू एका पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. फोटो तर काढालच, पण फोटोत स्क्रूची लांबी कळत नाही, आणि चुकून लांब स्क्रू बसवला की तो पलीकडच्या काचेला नाहीतर वायरीला जाऊन टेकतो. क्रोमच्या पट्ट्या काढताना जीव लावून काढा. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक झालं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्यात नाना पेठेत फिरलं तर अजून काही हाती लागतं, पण सरळ, न चेपलेली पट्टी मिळणं म्हणजे नशीब.

पुढची-मागची काच काढायलाच हवी. काच तशीच ठेवून कागद चिकटवून रंग मारलेल्या गाड्या दोन पावसाळ्यांत माझ्याकडे परत येतात, कारण खरा गंज काचेच्या रबराखाली असतो. जुनं रबर वाचवायच्या फंदात पडू नका, कापून काढा. काच वाचली पाहिजे.

आता स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या मुठीने गाडी ठोकत फिरा. निरोगी पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो. दारांच्या खालच्या कडा, दाराखालची सिलची पेटी, चाकांच्या कमानीची आतली बाजू, बॅटरीखालची जागा, डिकीत स्टेपनी असते तिथला तळ, आणि मॅटखालचा फ्लोअर. फ्लोअरवर जो काळा डांबरी थर असतो तो खरवडून काढा. वरून तो अखंड दिसतो आणि खाली पत्र्याचा पापड झालेला असतो. वेल्डिंगच्या वेळी तो पेटतोही. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती इतक्या वर्षांत बुजलेली असणार. त्यातून तार फिरवा. एका दारातून मी ओंजळभर माती काढली आहे, आणि दार ‘आतून का गंजलं’ हे मालक मलाच विचारत होता.

तर आता कन्व्हर्टर. त्यात बहुधा फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिन असतं. लालसर गंजाचा पातळ थर असेल तर तो त्याला स्थिर, काळ्या थरात बदलतो. वरवरच्या गंजावर तो चांगलं काम करतो. पण त्याला खाली घट्ट लोखंड लागतं, आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला तो पोचत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचल्यावर पत्र्यातून आरपार गेलं, तर तिथे कन्व्हर्टर मारणं म्हणजे चाळणीला रंग देणं. त्यावर लांबी भरली की लांबी मागून ओल पिते, आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड येतो. असं काम किती लोक करून देतात विचारू नका. एका गाडीच्या सिलमध्ये मला वर्तमानपत्राचे गोळे कोंबलेले मिळाले होते, वरून बोटभर लांबी थापलेली. पेपर १९९६ चा होता, त्यामुळे काम कधी झालं तेवढं तरी समजलं.

जिथे आरपार सडलंय तिथे कापायचं. चकचकीत, दाबून न दबणारा पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. मन घट्ट करावं लागतं, दोन इंचांचं भोक सहा इंचांचं होतं. तुकडा २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा घ्या, तो साधारण ०.९ मिलिमीटर जाड असतो. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग पत्रा. वेल्डिंग स्वतः शिकायला ही गाडी वापरू नका. मिग (तारेचं) वेल्डिंग येणारा एक माणूस दोन दिवस घरी बोलवा. कांडीच्या आर्क वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, आणि गॅसने पत्रा तापून लाटा येतात. मिगवाल्यालाही सांगा, सलग ओढू नको, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग थंड होऊ दे.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे दोन्ही सिल एकदम कापू नका. एक बाजू, दार बसवलेलं ठेवून, खालून नीट टेकू देऊन. दर थोड्या कामानंतर दार लावून बघा. दाराची फट वर-खाली सारखी असेल तर बॉडी जागेवर आहे. एकदा वाकल्या बॉडीवर सिल वेल्ड झाला की ते दार पुन्हा नीट लागत नाही, जन्मभर खांद्याने ढकलावं लागतं.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवा आणि शेडच्या बाहेर, लांब नेऊन ठेवा. ‘रिकामी आहे’ म्हणून ठेवू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, ती भरल्या टाकीपेक्षा जास्त भडकते. बॅटरीच्या आणि डायनॅमो किंवा आल्टरनेटरच्या वायरी सोडा. पाण्याची बादली आणि एक माणूस जवळ. काम संपल्यावरही तासभर शेड सोडू नका, सीटच्या कापसात नाहीतर डांबरी थरात ठिणगी धुमसत राहते.

आता तुमच्या गावाचा मुद्दा, जो मला घाटावर बसून कमी भोगावा लागतो: मीठ. रंग खरवडायला सुरुवात करण्यापूर्वी गाडी आतून-बाहेरून, खालून, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको. गंजाच्या खड्ड्यांत मीठ राहिलं आणि त्यावर प्रायमर बसला, तर ते मीठ रंगातून ओल खेचून घेत राहतं आणि वर बारीक फोड उठतात. कितीही भारी रंग मारा. दुसरं म्हणजे, उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. तुमच्याकडे सकाळी त्यावर केशरी झाक दिसेल. एका वेळी एकच पॅनेल खरवडा आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे. उघड्या पत्र्याला घामाचा हातही लावू नका, बोटांचे ठसे पुढे गंजाने उमटतात. सुती हातमोजे स्वस्त असतात.

जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, आणि तो लोखंडावर प्रायमर म्हणून सर्रास वापरला जायचा. पाण्याने ओलं करून वॉटर पेपरने घासा, तो गाळ विहिरीकडे जाऊ देऊ नका, आणि पोरांना शेडपासून लांब ठेवा.

सगळा रंग काढायचा की नाही, हे एका चिंधीने ठरतं. चिंधी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर मिनिटभर दाबून ठेवा. रंग विरघळून चिंधीला लागला तर तो ड्युको, म्हणजे एनसी. रंग फुगून सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के किंवा भट्टीत भाजलेला. सिंथेटिक निघाला तर शेवटच्या कणापर्यंत काढा. ही अक्कल मला विकत घ्यावी लागली आहे. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका फियाटच्या बॉनेटवर जुन्या सिंथेटिकला नुसतं घासून मी वर पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे टू-केच) मारला. पहिला हात सुंदर बसला. दुसरा हात मारून गन टांगली, मागे वळून पाहिलं, तर बॉनेटच्या मधोमध दुधावरच्या सायीसारखी सुरकुती सरकत होती. दहा मिनिटांत सगळं बॉनेट गोळा झालं. माझे मिस्त्री काहीच बोलले नाहीत, फक्त खरवडायची पट्टी माझ्या हातात दिली.

पोचे आधी हातोडी-डॉलीने जमतील तेवढे काढा, म्हणजे लांबी कमी लागते. आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, टेकवायची, बाहेरून हलक्या हातोडीने उंचवटा बसवायचा. जोराने ठोकलं की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा दाबल्यावर डबा वाजल्यासारखा टकटक करतो. तो परत आकसवायचं काम नवख्याचं नाही, अशी जागा आली तर मिगवाला आलेला असतानाच त्याला दाखवा.

लांबीवर मात्र थोडं थांबतो, कारण घरचं काम हमखास इथेच ओळखू येतं. दोन भागांची पॉलिस्टर लांबी घ्या. हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के. आमच्याकडे अंदाज असा, की लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा हार्डनर, आणि रंग एकसारखा होईपर्यंत काचेच्या तुकड्यावर पत्तीने दाबून कालवायचं. गोल-गोल ढवळलं तर हवा भरते आणि घासल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. उन्हाळ्यात तीन-चार मिनिटांत लांबी हातात दगड होते, म्हणून एका वेळी तळहातावर मावेल एवढीच. हार्डनर जास्त झाला तर तो पुढे रंगातून डाग बनून वर येतो. थर तीन-चार मिलिमीटरच्या वर नको. त्याहून जास्त लागत असेल तर पत्र्याचं काम अपुरं आहे असं समजा आणि पुन्हा हातोडी घ्या.

लांबी इपॉक्सीवर भरा, इपॉक्सी वाळल्यावर आणि ८० नंबरच्या कागदाने खरडून. ॲसिडवाल्या एचिंग प्रायमरवर भरू नका, त्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही. घासताना कागद कधी नुसत्या बोटांनी धरू नका. बोटांच्या चार नाल्या पडतात आणि त्या रंग चमकायला लागल्यावरच दिसतात. फूटभर लांब, सपाट लाकडी ठोकळा घ्या, तिरप्या रेघांनी, एकदा इकडून एकदा तिकडून, ८० वरून १२०, मग १८०.

सपाट झालं का, ते डोळ्याला विचारू नका. मिस्त्री तळहात आणि पॅनेल यांच्यामध्ये एक मऊ सुती फडकं ठेवून, डोळे मिटून, हात पूर्ण लांबीने फिरवायचे. फडक्यामुळे हात अडकत नाही आणि केसाएवढा खड्डाही कळतो. मला ते जमायला दोन वर्षं लागली. तुमच्यासाठी सोपा उपाय: काळा रंग थिनरमध्ये भरपूर पातळ करून लांबूनच हलका फवारा द्या, वाळू द्या, मग ठोकळ्याने घासा. उंच जागेवरचा काळा लगेच जातो, खोलगट जागेत काळा तसाच राहतो. जिथे काळा उरला तिथे पुन्हा लांबी. दारापाठी दोन-तीन फेऱ्या होतात, कंटाळू नका. चार दरवाजांना मी स्वतः चार दिवस देतो.

त्यानंतर सर्फेसर, म्हणजे बारीक ओरखडे बुजवणारा प्रायमर, तो ४०० नंबरपर्यंत घासायचा. सर्फेसर सच्छिद्र असतो, पाणी पितो. वॉटर पेपर मारल्यावर पॅनेल उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा हात नको, आणि गाडी नुसत्या सर्फेसरवर पावसाळाभर ठेवायची तर अजिबात नको. काम लांबणार असेल तर इपॉक्सीवर थांबवा, सर्फेसरवर नाही. फ्लोअरला, कमानींना, सिलच्या तोंडाशी इपॉक्सी ब्रशनेच लावा, तिथे चकाकी कोण बघतो? सांध्यांना सीम सीलर, आणि सिलच्या, दारांच्या पोकळीत नळीने मेण. ते मेण मात्र सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर, कारण मेणाचा एक थेंब पॅनेलवर आला की तिथे रंग धरत नाही.

हवामान तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरा. सकाळी दव उडून गेल्यावर, साडेनऊच्या सुमारास सुरू करा आणि खारा वारा सुटायच्या आत गन ठेवा. तो मिठाची ओल घेऊन येतो. जांभ्याच्या भिंतीही झाडून, पाणी मारून, मोठ्या प्लास्टिकने झाका. ती लाल धूळ क्रीम रंगावर हळदीत पडलेल्या तिखटासारखी उठून दिसते.

आता टू-के. अडचण पहिली, कंप्रेसर. एक एचपीचा छोटा कंप्रेसर मिनिटाला साधारण तीन-चार घनफूट हवा देतो. पूर्ण गाडी मारायच्या गनला आठ ते बारा लागते. अर्ध्या बॉनेटवर दाब पडतो, थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. प्रायमरला चालतं, तो घासायचाच असतो, गनमध्ये १.६ ते १.८ मिलिमीटरचा नोझल टाका, एक-एक पॅनेल करा, आणि नळीवर पाणी पकडणारा फिल्टर लावा.

दुसरी अडचण गंभीर आहे. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा लागतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोडंसं नाकात गेलं तरी श्वास अडकतो. वासावरून ते समजत नाही, म्हणजे ‘वास येत नाही, ठीक आहे’ हा हिशोब इथे खोटा. कोळशाच्या मास्कवर भरवसा ठेवायचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. माझ्या बरोबरीचा एक पेंटर आज रंगाच्या दुकानातही पाय ठेवू शकत नाही. घराला चिकटून शेड, शेजारी माणसं. तिथे हे करू नका. काही सर्फेसरच्या हार्डनरमध्येही आयसोसायनेट असतं, डब्यावर वाचून तो नसलेलाच घ्या. इपॉक्सीचा हार्डनर वेगळा असतो, पण त्यालाही मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच.

रत्नागिरीत बूथ मिळाला तर उत्तम, नाहीतर आंबा घाटातून गाडी वर आणायची. ४०० पर्यंत घासलेली, काचा नसलेली गाडी गेली की रंगवाल्याचं मजुरीचं गणितच बदलतं. फक्त आधी त्याच्याशी बोला, कोणत्या कंपनीचा प्रायमर वापरताय ते सांगा. दुसऱ्याच्या प्रायमरवर रंग मारायला काही जण नाही म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

आणि घरीच करायचं असा हट्ट असेल तर ड्युको. हल्ली कोणी करत नाही, पण पद्मिनीला तो शोभतो. पातळ सहा-सात हात, मध्ये घासाई, शेवटी पॉलिश. ओरखडा आला तर घरीच दुरुस्त होतो. दमट हवेत वाळताना तो दुधाळ होतो, म्हणून रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर जवळ ठेवा. थिनरची वाफ पेटते. शेडमधला एक्झॉस्ट फॅन, फ्रीज, बटणं, सगळं आधी बंद, आणि चूल-देवघर त्या भिंतीपलीकडे असेल तर त्या दिवशी तेही.

रंग लाल करू का? गाडी तुमची आहे, पण मी क्रीमच ठेवीन. आरसी बुकात रंगाची नोंद असते, बदललात तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. त्याहून मोठी कटकट म्हणजे दारांच्या कडा, बॉनेटची आतली बाजू, डिकी, डॅशबोर्डखालचा पत्रा, सगळं लाल करावं लागतं, नाहीतर दार उघडलं की क्रीम दिसतं. लाल उन्हात लवकर फिका पडतो, आणि घरच्या लांबीतल्या चुका तो क्रीमपेक्षा जास्त चहाडी करून सांगतो. मूळ क्रीमची छटा हवी असेल तर डॅशबोर्डखाली किंवा डिकीच्या झाकणाच्या आत, जिथे ऊन पोचलं नाही, तिथून जुळवा. साधा सॉलिड रंग घ्या. पद्मिनीवर क्लिअर कोट मला रुचत नाही, काचेच्या बरणीतल्या लाडवासारखी दिसते.

काच परत बसवायला दोन माणसं आणि एक सुतळी लागते. नवं रबर आधी काचेला चढवा. रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते त्या खाचेत सुतळी गोल फिरवा, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवर येऊन आत लोंबू देत. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीला टेकवा. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघत जाते तशी रबराची जीभ पत्र्यावरून उडी मारून आत बसते. स्क्रू-ड्रायव्हर लावलात तर नव्या रंगाला पहिला ओरखडा तुमच्याच हातचा.

महिनाभर गाडीवर कव्हर किंवा ताडपत्री टाकू नका, दोन महिने मेणाचं पॉलिश नको. रंगातला थिनर अजून बाहेर पडत असतो. जुनं कव्हर असेल तर टाकून द्या, त्यात अकरा वर्षांचं मीठ आहे. आणि शेडमध्ये गाडी मातीवर उभी असेल तर ती परत ठेवण्याआधी तिथे कोबा करून घ्या, कारण खालून येणारी ओल वरच्या पावसापेक्षा वाईट.